मैनाबाईनं सुईचं नाव विचारलं

चौक गावच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, मुंबई-पुणे रस्त्याला लागूनच मैनाबाईची खानावळ होती. पाटी नव्हती, टेबलखुर्च्या नव्हत्या. कुडाच्या भिंती, वर पत्रे, पुढं दोन बाकडी आणि आत धगधगणारी चूल. पण बोरघाट चढण्याआधी पोटात काहीतरी टाकून घ्यायचं म्हटलं की ट्रक आपसूक तिथं थांबायचे. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, वालाचं बिरडं आणि तोंडी लावायला मैनाबाईचं बोलणं. ते बोलणं तिखट होतं, पण कुणाला झोंबत नसे. "पिऊन आलास तर भाकरी नाय मिळायची. घाटात मरशील नि माझं नाव निघंल," असं ती शीख ड्रायव्हरलाही मराठीतच सुनवायची आणि तो हसत हसत ताट पुढं ओढायचा.

नवरा बुधाजी खाचरांत राबायचा. भाताची कामं उरकली की खानावळीला लाकडं फोडून द्यायचा. एकुलती मुलगी नेरळला दिलेली. उजव्या अंगाला सुलेमानचं गॅरेज होतं. त्याची माणसं मूळची म्हसळ्याकडची. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे आणि वर झकास रंगात नंबर, नावं, फुलं काढायची, हा त्याचा धंदा. त्याची बायको झोहरा आणि मैनाबाई यांचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

सन अडुसष्टच्या भाद्रपदात तेलाचा रिकामा डबा कापताना पत्रा सटकला आणि मैनाबाईच्या घोट्याच्या वर खोल जखम झाली. तिनं हळद दाबली, फडकं बांधलं आणि भाकऱ्या थापायला बसली. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाकडासारखा झाला, तेव्हा बुधाजी तिला दातार डॉक्टरकडं घेऊन गेला.

दातार डॉक्टर पुण्याहून येऊन चौकात बसलेले. आसपासच्या पंधरा-वीस गावांत दुसरा शिकलेला डॉक्टर नाही. माणूस हुशार होता, हाताला यशही होतं. फक्त त्यांना कुणी काही विचारलेलं खपत नसे. रोग्यानं बसायचं, दंड पुढं करायचा आणि उठायचं. त्यांनी पाच दिवस रोज एक सुई दिली. जखम भरत आली, सूज उतरली. मैनाबाईनं डॉक्टरांच्या दारी परड्यातला मोठा तांबडा भोपळा नेऊन ठेवला. तिला खरंच कृतज्ञ वाटलं होतं. पुढं ती हे आवर्जून सांगायची, "पाय त्यानं बरा केला, ते मी नाकारत नाय."

पहिल्या सुईपासून नवव्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसताना तिला पोटऱ्यांवर तांबडे ठिपके दिसले. वाटलं, ढेकूण चावले. दुपारपर्यंत ते पिकल्या करवंदांसारखे काळेजांभळे झाले, बोट फिरवलं तर हाताला उंच लागायला लागले. आग तर अशी, की कुणी ओल्या मिरच्या वाटून चोळल्यात.

"उष्णता आहे अंगात," दातार डॉक्टर म्हणाले. "दिवसभर चुलीपुढं बसल्यावर दुसरं काय होणार?"

"चुलीफुडं मी पंधरा वरसं बसते, डाक्टर. मग ह्ये आताच कसं?"

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "रक्त बिघडलंय तुझं. साफ करायला हवं. जैतू, सुई भर."

जैतू हा त्यांचा कंपाउंडर. त्यानं छोट्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घातलं, हलवलं, दुधासारखं औषध सुईत ओढलं. पायाला कापलं होतं तेव्हाही असंच दुधासारखं औषध होतं, हे मैनाबाईनं पाहिलं. पण पाहिलं एवढंच. सगळ्याच सुया तशा असतील, असं तिला वाटलं.

दोन दिवसांत ठिपके मांड्यांपर्यंत चढले. काही एकमेकांत मिसळून त्यांचे चट्टे झाले, काहींवर फोड येऊन ते फुटले. गुडघे आणि घोटे सुजले, पाय टेकवला की कळ मस्तकात जायची. बुधाजीच्या खांद्याचा आधार घेत ती पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा बाहेरचं बाक माणसांनी भरलं होतं. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. पडदा ओढला नाही. टेबलाच्या पलीकडूनच त्यांनी तिचे पाय पाहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चट्टे फुटतायत. ही महारोगाचीसुद्धा सुरुवात असू शकते. नक्की होईतोवर लोकांच्या अन्नाला हात लावू नकोस."

'असू शकते' हे शब्द दवाखान्याच्या पायरीपर्यंतसुद्धा टिकले नाहीत. 'महारोग' तेवढा बाहेर पडला आणि मैनाबाई घरी पोचायच्या आत नाक्यावर जाऊन बसला. एका माणसानं खुर्चीत बसल्या बसल्या, हात न लावता, एक शब्द टाकला, आणि पंधरा वर्षांची चूल दोन दिवसांत विझली. ट्रक यायचे, हळू व्हायचे, शेजारच्या चहावाल्याशी काहीतरी बोलायचे आणि पुढं निघून जायचे. तो शीख ड्रायव्हर एकदा थांबला, लांबूनच हात जोडले आणि गेला. हात जोडलेले तिला शिवीपेक्षा जास्त लागले.

घरात सासू होती. तिनं मैनाबाईचं ताट वेगळं केलं, लोटा वेगळा केला, अंथरूण गोठ्याकडच्या पडवीत टाकलं. बुधाजी मान खाली घालून सगळं बघत राहिला.

"अवं, तुमी तरी बोला की," मैनाबाई म्हणाली.

"मी कुठं काय म्हणतोय? आई म्हणते."

"आई म्हणते, नि तुमाला तोंड नाय?"

तो उठून खाचराकडं निघून गेला. तो वाईट नव्हता, भ्यायला होता. पण भ्यालेला माणूस वाईट माणसाइतकंच नुकसान करतो, हे मैनाबाईला त्या पडवीत कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी झोहरा आली. तिनं पडवीतलं ते ॲल्युमिनियमचं ताट पाहिलं, खाली बसली आणि मैनाबाईनं अर्धी खाऊन ठेवलेली भाकरी मोडून तिच्याच कालवणात बुडवून खायला लागली.

"भाभी, सोड ते. तुलाबी हुईल."

"होऊ दे. मग दोघी बसू हितं," झोहरा म्हणाली. "मीठ कमी पडलंय गं. तू केलेलं नाय ह्ये."

मैनाबाईला आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा रडू फुटलं.

आणि मग शुक्रा आला. हा शुक्रा खरोखरचा महारोगी. ओढ्याच्या काठी एकटा खोपट करून राहायचा, बोटं झडलेली. दुपार कलली की खानावळीच्या मागं येऊन उभा राहायचा आणि मैनाबाई दहा पावलांवर पानावर भाकरी ठेवून मागं सरायची. तिला ते पुण्य वाटायचं. खानावळ बंद पडल्यावर चार दिवस वाट बघून तो पडवीपाशी आला आणि तिच्या पायांकडं टक लावून बघायला लागला.

"मावशे, आग होतेय का गं?"

"आग? जीव जातोय रं."

"मग ह्ये माझं नव्हं." त्यानं आपला खुंटलेला हात पुढं केला. "माझं दुखत नाय. चुलीतला निखारा हातात धरला तरी कळत नाय, म्हणून तर बोटं गेली. चट्टा पडला तवा पयलं तिथलं दुखणंच गेलं. तुझं दुखतंय. तुझं न्यारं हाय. कुणी सांगितलं तुला महारोग म्हणून?"

"डाक्टरनी."

"त्यानं टोचून बघितलं का? पीस फिरवून बघितलं का? मला तपासायला आले होते त्यांनी डोळे मिटायला लावून पीस फिरवलं होतं, सात ठिकाणी."

मैनाबाईनं आपले पाय पुढं ओढून पाहिले. जे शिकलेल्या माणसानं पाहायला हवं होतं ते ह्यानं, जन्मभर लोकांनी लांबून भाकरी टाकलेल्या माणसानं, दोन प्रश्नांत ओळखलं होतं. तिला डॉक्टरचा संताप आला आणि स्वतःचीही शरम वाटली. इतकी वर्षं हा दहा पावलांवर उभा राहिला तो तिच्याचमुळं. "शुक्रा, हितं वर येऊन बस," ती म्हणाली. तो बसला नाही, सवय नव्हती. पण त्या दिवसापासून तिनं भाकरी जमिनीवर ठेवली नाही. त्याच्या हातात दिली.

पुन्हा सगळ्यांदेखत तसलं ऐकायला नको म्हणून ती दवाखान्यात जायची थांबली होती. सुया थांबल्या. आणि आश्चर्य असं, की महिन्याभरात ठिपके तपकिरी होत गेले, जखमांवर खपल्या धरल्या, गुडघ्यांची सूज उतरली. दिवाळीपर्यंत पायांवर नुसते डाग उरले. मैनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण हिशेब येत होता. सुया घेतल्या, नवव्या दिवशी ठिपके. पुन्हा सुई घेतली, दोन दिवसांत मांडीपर्यंत. सुया बंद, ठिपके बंद. ह्याला पुस्तक कशाला लागतं?

ती तडक दवाखान्यात गेली.

"डाक्टर, त्या दुधावानी सुईनं झालं ह्ये. शुक्रा बी म्हणतो महारोग नव्हं."

"आता महारोगी मला डॉक्टरकी शिकवणार का?"

"तसं नाय. पण त्या सुईचं नाव तरी सांगा. म्हंजे मी कुठं गेले तर सांगीन, ही नको म्हणून."

"नाव घेऊन काय करणार आहेस? देव्हाऱ्यात मांडून पूजा करणार?"

बाकावरची माणसं हसली. मैनाबाई तशीच उभी राहिली. तिच्या दंडात घुसवलेली वस्तू, तिच्या रक्तात गेलेली वस्तू, आणि तिचं नाव विचारायचा तिला हक्क नाही! बाजारात दोन शेर तांदूळ घेतला तरी माणूस विचारतो कुठल्या वाणाचा. बैलाला औषध पाजलं तरी शेतकरी विचारतो काय पाजलं. तिला मात्र हसण्यावारी नेलं. ती बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते.

डाग फिके पडले तशी खानावळ हळूहळू पुन्हा सुरू झाली, पण अर्धीच. आणि माघात मैनाबाईला ताप भरला. घसा आतून सुजला, गिळता येईना, दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. घाबरलेल्या बुधाजीनं डॉक्टरांना घरी आणलं. त्या ग्लानीतही तिनं डॉक्टरांची पेटी पाहिली आणि दंड छातीशी घट्ट धरला.

"ती सुई नको."

"ही दुसरी आहे," दातार डॉक्टर म्हणाले.

बुधाजीनं तिचा हात सोडवून धरला. जैतूनं सुई भरली, रिकामी बाटली खिडकीतून अंगणात टाकली, आणि डॉक्टरांनी सुई टोचली.

ती दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके कमरेपर्यंत होते. पोटात पीळ पडून ती गडाबडा लोळत होती आणि लघवी कोऱ्या चहासारखी लाल झाली होती. सासू म्हणाली, देवाचं काहीतरी आहे. आरडाओरडा ऐकून झोहरा आली. तिनं अंगणातली ती बाटली उचलली, ओढणीच्या टोकात बांधली आणि गॅरेजकडं धावली. सुलेमाननं पुण्याहून माल घेऊन मुंबईला निघालेला एक ओळखीचा ट्रक थांबवला. केबिनमध्ये मैनाबाईला आडवी घातली, एका बाजूला झोहरा, दुसऱ्या बाजूला बुधाजी. ठाण्यावरून मुंबई येईपर्यंत बुधाजी एकच वाक्य बोलत होता. "म्या हात धरला गं. म्याच हात धरला."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांना चार तास बसावं लागलं. पण नंतर आली ती चष्मा लावलेली, केस पिकायला लागलेली डॉक्टरीणबाई. ती मैनाबाईच्या खाटेवर, तिच्या पायाशी बसली. हातानं पाय धरला. काचेचा तुकडा ठिपक्यावर दाबून बघितला. कापसाची वात फिरवली, टाचणी टोचली. मैनाबाई प्रत्येक वेळी ओरडली. मग बाईंनी विचारलं, "हे उठण्याच्या आधी तुम्ही कुठलं औषध घेतलं होतं?"

सहा महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मैनाबाईला हुंदका आवरेना. झोहरानं ओढणीची गाठ सोडली आणि बाटली पुढं केली.

बाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. "पेनिसिलिन. आधी कधी घेतलं होतं?" मैनाबाईनं सगळं सांगितलं, तिच्या त्या बिनअक्षरी हिशेबासकट. बाई ऐकत गेल्या, मधे एकदाही तोडलं नाही.

तिच्या पायाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. तीन आठवडे तिला ठेवून घेतलं. लघवी साफ झाली, पोटदुखी थांबली. निघायच्या दिवशी बाईंनी समजावून सांगितलं. "अंगभर रक्ताच्या नळ्या असतात, मोठ्या आणि केसाहून बारीक. तुमच्या अंगाला हे औषध शत्रू वाटतं. ते शत्रूशी लढायला जातं आणि त्या लढाईत ह्या बारीक नळ्याच सुजतात, फुटतात. रक्त बाहेर झिरपतं, त्याचे हे ठिपके. ह्या खेपेला मूत्रपिंडाच्या नळ्यासुद्धा सुजल्या होत्या. आणखी एक सुई घेतली असती, तर तुम्ही इथवर आला नसता."

"म्हंजे औषध वाईट?"

"नाही. लाखो लोकांना ते वाचवतं. तुम्हाला सोसत नाही. पहिल्या वेळी हे कुणालाच आधी कळलं नसतं, तो त्या डॉक्टरांचा दोष नाही."

"आनि दुसऱ्या येळी?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या वेळी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तिसऱ्या वेळी तुम्ही स्वतः सांगत होता."

त्यांनी एका कागदावर इंग्रजीत आणि मराठीत लिहून, शिक्का मारून दिलं. हे औषध जन्मात कधी घ्यायचं नाही, कुठल्याही डॉक्टरला आधी हा कागद दाखवायचा. सोन्याचा दागिना न्यावा तसा मैनाबाईनं तो चोळीत घालून चौकाला नेला.

सर्वात आधी ती कुठं गेली असेल? दवाखान्यात. बाक भरलेलं असताना गेली. मुद्दाम. तिनं कागद टेबलावर ठेवला. "वाचा. मोठ्यांदा वाचा. महारोग मोठ्यांदा सांगितलात, ह्ये बी सांगा."

दातार डॉक्टरांनी कागद मनातल्या मनात वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, हे समोरच्यांनी पाहिलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि टेबलाचा खण उघडून आत टाकली. "बरं झालं आणलास. माझ्याकडं राहू दे. रेकॉर्डला लागेल."

"माझा कागद हाय तो."

"तुला वाचता येतो का? मग तुझ्याकडं राहून काय उपयोग?"

आठ दिवसांनी बुधाजी मागायला गेला तर डॉक्टर म्हणाले, सापडत नाही. पंधरा दिवसांनी म्हणाले, कसला कागद? सुलेमान मुंबईला जाऊन आला, तर त्या डॉक्टरीणबाई बदलून गेलेल्या. तिथल्या दप्तरातून नक्कल काढायला जेवढ्या फेऱ्या मारायला हव्या होत्या तेवढं बळ कुणातच नव्हतं.

"कागद भिजतो, हरवतो, लोक खणात टाकतात," मैनाबाई म्हणाली. "असं कायतरी पायजे की जे कुणाला माझ्यापास्नं घेता येनार नाय."

कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. खानावळीसाठी वर्षाची सुकी मासळी ती तिथूनच भरायची. त्या वर्षी मासळीच्या आधी ती गोंदणाऱ्या बाईपुढं जाऊन बसली. सुलेमान बरोबर होता. त्यानं कानावरची निळी पेन्सिल काढली आणि ट्रकवर काढतो तशी ठसठशीत, गोल अक्षरं तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत काढली. वर इंग्रजी, खाली मराठी. नाव त्याला पाठ होतं. त्या बाटलीवरनं त्यानं ते गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

गोंदणारीनं अक्षरांकडं पाहिलं. "तुळस काढू? नवऱ्याचं नाव काढू? ह्ये कंच्या देवाचं नाव गं बाय?"

"देवाचं नाय. इखाचं हाय," मैनाबाई म्हणाली. "काढ तू."

सुई पाहून तिच्या अंगावर शहारा आला. पण ही सुई काय करतेय हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती हलली नाही. 'पेनिसिलिन देऊ नका' एवढी अक्षरं उमटायला तासभर लागला. बुधाजीनं त्या तासभर तिचा दुसरा हात धरला होता. ह्या खेपेला तिनंच त्याला धरायला सांगितला होता.

त्र्याहत्तर साली खोपोलीला जाताना एस.टी. कलंडली आणि मैनाबाईचं डोकं फुटलं. शुद्ध नव्हती. तिथल्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरनं भरलेली सुई हातात घेतली, दंडासाठी तिचा डावा हात वळवला आणि अक्षरं वाचून ती सुई परत ट्रेमध्ये ठेवली. ती शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, हे कुणी गोंदवायला सांगितलं?" ती म्हणाली, "कुणी नाय. डाक्टरीनबाईनं लिवून दिलं, त्ये एकानं खणात टाकलं. मग मीच लिवलं."

आणि मग शहात्तरचा तो सत्कार. दातार डॉक्टरांना चौकात पंचवीस वर्षं झाली म्हणून गावानं शाळेच्या पटांगणात समारंभ ठेवला. मांडव, लाउडस्पीकर, शाल, नारळ. गावोगावचे पुढारी 'गोरगरिबांचे देव' म्हणून बोलून गेले. डॉक्टरांनी उठून हात जोडले. म्हणाले, "पंचवीस वर्षांत ह्या हातून कुणाचं वाईट झालं नाही, ह्याचंच समाधान आहे."

बायकांच्या बाजूनं मैनाबाई उभी राहिली. बुधाजीनं पुरुषांतून खूण केली, बस म्हणून. ती चालत मंचापाशी गेली आणि गोंदलेला हात वर केला.

"डाक्टर, माझा कागद कुठाय?"

आवाज लाउडस्पीकरनं पटांगणभर नेला. डॉक्टरांचे जोडलेले हात खाली आले.

"त्याला सात वरसं झाली. तुमी महारोगीण म्हणालात, माझी चूल बंद केलीत. मी सांगत व्हते तरी तीच सुई मारलीत नि दुसरी म्हणून सांगितलंत. मी माफ केलं असतं, डाक्टर. चुकी कुणाची व्हत नाय? पण कागद चोरलात. त्यो कशापायी?"

पोलीसपाटील पुढं आला. "बाय, आजचा दिस हाय का ह्ये बोलायचा?"

"मग कंचा दिस? तुमी सांगा, त्या दिशी येते."

पाटील मागं सरला. डॉक्टर खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. कुणीतरी घाईघाईनं आभार मानले, पेढे वाटले गेले, लोक कुजबुजत पांगले. मैनाबाईला कुणी शाबासकी दिली नाही. उलट चार बायाबापड्या म्हणाल्या, मैना उद्धट झाली, देवमाणसाला भर सभेत बोलली. घरी सासूनं डोक्याला हात लावला. बुधाजी मात्र उंबऱ्यात थांबला आणि आईला म्हणाला, "खोटं काय बोलली ती? एक शबूद दाखव." सात वर्षांत आईपुढं त्याचं तोंड उघडलेलं ते पहिल्यांदा.

पण पुढच्याच आठवड्यात सुंदरा नावाची कुंभिवलीची एक बाई पोराला घेऊन दवाखान्यात गेली आणि सुई भरताना तिनं विचारलं, "जैतूदादा, नाव काय हिचं?" जैतूनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. जैतूनं नाव सांगितलं. मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. वर्षभरात दवाखान्यात सुई देण्याआधी "पूर्वी काही सोसलं नाही असं झालंय का?" असं विचारायची पद्धत पडली. दातार डॉक्टर हा प्रश्न जमिनीकडं बघून विचारायचे, असं लोक सांगतात. मैनाबाईशी ते परत कधी बोलले नाहीत. क्षमेचा एक शब्दही नाही, कागदही नाही.

त्र्याऐंशी साली ते वारले. नाक्यावरची सगळी दुकानं बंद झाली. सुलेमाननंही गॅरेजची फळी लावली. मैनाबाईनं नेहमीप्रमाणे पीठ मळलं. दुकानं बंद करत फिरणाऱ्या दोघांनी दारात येऊन सांगितलं, "मावशे, आजच्या दिवस चूल बंद ठेव. दातार डाक्टर गेले."

"ऐकलं," ती म्हणाली. "वाईट झालं. त्यांच्या बायकोचं वाईट वाटतं मला."

"मग बंद कर की."

"माझी चूल त्यांनी बंद केली व्हती तवा कुनी दुकानं बंद ठेवली व्हती का रं?"

"मेलेल्या माणसावर राग धरू नये, मावशे."

"मेला म्हणून खोट्याचं खरं व्हत नाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि बोटांनी पाणी फिरवलं. "आता वाटेतनं बाजूला व्हा. गिऱ्हाईक उभं हाय."

रस्त्यावर एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हर उतरून बाकड्यावर बसला आणि त्यानं दोन भाकऱ्या मागितल्या.